वजनाशेजारी वय आणि वेळ

  

शस्त्रक्रियेनंतर बाळाच्या पाठीतल्या एपिड्युरल नळीतून जाणारे औषध आपण वजनावर ठरवतो. माझ्या मते हा अर्धाच हिशेब झाला. उरलेला वयाचा आणि वेळेचा. त्यातले बुपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध रक्तात आल्फा-1 ॲसिड ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाला चिकटून राहते. मेंदूला नि हृदयाला बाधतो तो मोकळा उरलेला भाग. नवजात बाळात हे प्रथिन बरेच कमी असते, शिवाय औषध मोडणारी यकृतातली विकरे पुरती कामाला लागलेली नसतात. पहिला डोस तरीही सहसा निभावतो, कारण किलोमागे पाहता तो बाळाच्या शरीरात जास्त पसरतो. खरा धोका नंतरच्या संथ इन्फ्युजनचा. म्हणून तान्ह्यांसाठी ताशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम आणि मोठ्या मुलांसाठी 0.4 ही कमाल मर्यादा रूढ झाली. कोणी म्हणेल, शस्त्रक्रियेच्या ताणाने हे प्रथिन वाढतेच, मग काळजी कसली? वाढते खरे, त्यामुळे एकूण पातळी चढली तरी मोकळे औषध त्या प्रमाणात वाढत नाही. पण प्रथिन औषध धरून ठेवते, त्याची विल्हेवाट लावत नाही. ते काम यकृताचेच. लहान बाळांत बुपिव्हाकेनची पातळी 48 तासांपर्यंत चढत गेलेली आढळली आहे. रोपिव्हाकेन या पर्यायी औषधाकडे कल झुकला तो यामुळेही, केवळ नव्याची नवलाई म्हणून नव्हे.

मग तान्ह्यांना एपिड्युरल नकोच, असा दुसरा आक्षेप. पण मॉर्फिनने श्वास मंदावण्याची भीती असते, आणि तेही याच अपक्व यकृताच्या हवाली. दुखणे सोसू द्यावे, हा पर्याय तर 1987 साली आनंद आणि हिकी या संशोधकांनी नवजातांच्या वेदनेचा पुरावा मांडल्यापासून उरलेलाच नाही. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय पाहणीत मुलांच्या 10,633 एपिड्युरलमध्ये गंभीर घटना 5 आढळल्या. वर्षभरानंतरही परिणाम उरला तो एकाच मुलात. अर्थात ही मुलांच्या भुलेत मुरलेल्या केंद्रांची आकडेवारी. जिथे रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकच परिचारिका असते, तिथे ही आकडेवारी जशीच्या तशी लावणे धाडसाचे ठरेल. तिथे एका डोसचा कॉडल आणि जोडीला पॅरासिटामॉल बरे. नळी ठेवायचीच, तर तक्त्यावर वजनाशेजारी बाळाचे वय आणि इन्फ्युजन सुरू झाल्याची वेळ ठळक लिहिलेली हवी. अशा तक्त्याचा कच्चा नमुना परिषदेत आपल्याला दिलेल्या पिशवीत ठेवला आहे. पहिल्या सत्रात त्यावर लाल शाईने खुशाल खाडाखोड करावी.