जुन्या मोटारसायकलच्या स्विच व वायरिंगमधील दोष कसा शोधावा?



रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देण्यासाठी आपण मोटारसायकलवरूनच शेतात जातो. अशा वेळी ब्रेकचा दिवा लागत नसेल, तर आपण थांबलो हे मागच्या ट्रकवाल्याला कळत नाही. म्हणून स्विचचा दोष ‘पुढे बघू’ म्हणून सोडू नये. तो शोधणे अवघड नाही.

१९९४ साली बाजारात आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरच्या जुन्या गाड्यांचे उदाहरण घेऊ. या गाड्यांचा पुढचा मोठा दिवा इंजिन चालू असताना मॅग्नेटच्या विजेवर लागतो. हॉर्न, इंडिकेटर व ब्रेकचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. त्यामुळे मोठा दिवा लागतो म्हणजे बॅटरी चांगली, असे समजू नका. ही तिन्ही साधने एकदम बंद असतील, तर बॅटरी, फ्यूज व चावीचा स्विच तपासा. एकच बंद असेल, तर त्याचाच बल्ब, स्विच व वायर पाहा.

तपासणीसाठी इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब होल्डरसह घेऊन त्याला दोन वायरी जोडा. अर्धवट तुटलेल्या वायरीवर मीटर पूर्ण व्होल्ट दाखवू शकतो. बल्ब मात्र मंद लागतो आणि दोष उघड होतो. इग्निशन कॉइल व सी.डी.आय.च्या वायरींना हा बल्ब कधीही लावू नये.

आता ब्रेकचा दिवा घ्या. प्रथम बल्ब तपासा. नंतर चावी चालू करून ब्रेक पॅडलजवळच्या स्विचच्या दोन्ही वायरी सोडवा व एकमेकींना टेकवा. दिवा लागला, तर स्विच खराब आहे. न लागल्यास टेस्ट बल्बचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला ठेवून दुसरे या वायरींना आळीपाळीने लावा. एकीतही करंट नसेल, तर दोष बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत आहे. एकीत करंट असेल, तर दिव्याकडे जाणारी वायर, होल्डर व अर्थिंग पाहा. अर्थिंगची वायर हिरवी असते. पण जुन्या गाडीत वायरी बदललेल्या असतात, म्हणून केवळ रंगावर विसंबू नका.

हँडल सतत वळत असल्याने तेथील वायरी आतून तुटतात. टेस्ट बल्ब लावून हँडल दोन्हीकडे फिरवा. बल्ब लुकलुकला, तर तुटलेली जागा तेथेच आहे. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. डाग देऊन वर स्लीव्ह चढवा.

हँडलवरील स्विच उघडण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढा. खाली फडके अंथरा, कारण आतील बारीक स्प्रिंग उडून जाते. काळे पडलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलके घासा. गाडी धुताना पंपाचा फवारा स्विचवर मारू नका. गाडीवरून खताची पोती नेल्यास सांडलेले खत लगेच पुसा. त्यातील क्षार ओलाव्याबरोबर पॉइंट खातात.

शेवटी एक गोष्ट कटाक्षाने पाळा. फ्यूज जळाला, तर त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी घालू नका. फ्यूज जळणे म्हणजे कोठेतरी वायर अंगाला लागत असल्याचा इशारा आहे. तार घातल्यास फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि त्याच्या वरच पेट्रोलची टाकी असते. मूळ अंकाचाच फ्यूज घाला व एक जादा जवळ ठेवा.