आद्याक्षरात लपलेलं गाव

तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं नांदली. त्यांच्या वंशजांना पूर्वज शोधायचे, तर पहिली अडचण आडनावाची. इथे अनेकांच्या नावापुढे ‘राव’ उरलं आणि आडनाव पुसलं गेलं. १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले, पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव आठवा. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर! म्हणून आधी आजीआजोबांना गाव, कुलदैवत आणि गोत्र विचारा. ही विचारपूस मात्र उद्यावर टाकू नका.

मग कागद. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर कंपनी सरकारच्या दप्तरांची सूची घरबसल्या शोधता येते. तिथे ‘तंजावर’ नव्हे, तर इंग्रजांचं ‘टँजोर’ लिहून पाहा. एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं करून पाहावी लागतात. १८५५ मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजी महाराज वारले, कंपनीने राज्य खालसा केलं. त्याआधीचा दरबारी व्यवहार मोडीत आहे आणि त्यातलं बरंच तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलंय. त्यासाठी मोडी शिकावी लागेल. जरूर शिका, कारण आपल्या खापरपणजोबांचं नाव कदाचित त्याच लिपीत असेल.