विजयाच्या गावी आपले स्वागत



एप्रिल २०२२ मध्ये याच उदगीर गावाने ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पाडले, त्यामुळे पाहुण्यांची ऊठबस आम्हाला नवी नाही. इतिहासाचे पाहुणे मात्र जरा अवघड. त्यांना नुसते चांगले जेवण पुरत नाही, पुरावा लागतो.

पुरावा आहे, पण तो एका जागी नाही. पानिपतला लढाईची जागा म्हणून काळा आंब दाखवता येतो. आमची लढाई चालता चालता झाली. जानेवारी १७६० मध्ये निजामाच्या घराण्यातले सलाबतजंग आणि निजामअली हे भाऊ उदगीरहून औशाकडे निघाले. धारूरकडची कुमक गाठायची होती. मराठ्यांकडून सदाशिवरावभाऊंच्या फौजेने त्यांना वाटेतच गाठले. रसद तोडायची, चहूबाजूंनी सतावायचे ही मराठ्यांची जुनी रीत, आणि जोडीला इब्राहिमखान गारद्याच्या तोफा. हा इब्राहिमखान आधी निजामाच्याच चाकरीत होता. ३ फेब्रुवारीला औशाजवळ निजामाची फळी फुटली. तहात ६० लाखांचा मुलूख मिळाला; अशीरगड, दौलताबाद, बऱ्हाणपूर, विजापूर अशी ठाणी पदरात पडली. आज एसटीने दोन-अडीच तास लागतात, तेवढ्या वाटेवर हे घडले.

मग हा विजय गेला कुठे? उत्तरेत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे १० जानेवारीलाच पडले होते. ती बातमी दक्षिणेत पोचली, मार्चमध्ये परतूरला मसलत बसली आणि भाऊ उत्तरेला निघाले. पुढचे सगळ्यांना पाठ आहे. उदगीर तेव्हापासून पानिपताच्या धड्यातले पहिले वाक्य होऊन बसले.

यजमानाने कडू बोलू नये म्हणतात, तरी बोलतो. ‘आपण जिंकलो’ असे आम्ही भाषणांत ठोकून देतो. पण उदगीर तेव्हा निजामाचे गाव होते आणि निजामाच्या पदरीही मराठे सरदार होते. इथला कुणबी कुणाच्याही फौजेत नसला, तरी दोन्ही फौजा त्याच्या रानात होत्या. पौष-माघ म्हणजे आपल्याकडे हुरड्याचे दिवस, ज्वारीत दाणा भरायचा काळ. त्या उभ्या पिकातून आणि कडब्यातून हजारो घोड्यांनी पोट भरले असणार. ६० लाखांच्या हिशेबात ते कुणाच्या नावे मांडायचे? असेच एक दूरचे उदाहरण: पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर, रबौल बंदराजवळ दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी खणून घेतलेले बोगदे आजही प्रवासी पाहायला जातात. युद्ध जपानचे आणि दोस्त राष्ट्रांचे, बेट मात्र तिसऱ्याच लोकांचे. उदगीरकरांनी १७६० त्या बेटकऱ्यांच्या जागी उभे राहूनही वाचावे, असे मला वाटते. त्यासाठी दप्तरे चाळणारी तरुण मंडळी हवीत, आणि तुमच्यात ती दिसताहेत.

आता उदगीरच्या किल्ल्याविषयी. बाहेर खंदक, आत दुहेरी तट, भिंतींवर फारसी शिलालेख, आणि याच तटाच्या आत उदयगीर महाराजांची समाधी. बरीदशाही गेली, १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजेने किल्ला घेतला, नंतर निजाम आला; समाधीवरचा दिवा कुणी विझवला नाही. शिलालेख मात्र वाऱ्यापावसाने झिजताहेत आणि आमच्याच पोरांच्या नावांनी भरताहेत. बदाम कोरून त्यात बाण मारायला त्यांना नेमका तटाचा दगडच सापडतो. शिलालेखांचे ठसे आणि चांगली छायाचित्रे वेळीच घेऊन ठेवावीत, ही स्वागत समितीची या परिषदेला पहिली मागणी. दुसरी औशाची. तिथला किल्ला खोलगट जागेत असल्याने जवळ जाईपर्यंत नीट दिसत नाही. बुरुजांवर तोफा अजून आहेत, पण उघड्यावर. त्यांची रीतसर नोंद करून माहितीफलक लावायला काही कोटींची योजना लागत नाही. पत्रे आम्ही लिहू, मजकूर तुम्ही द्या.

किल्ल्याची फेरी उद्या सकाळी सात वाजता आहे. ऊन लवकर चढते, तेव्हा पाण्याची बाटली आणि टोपी सोबत असू द्या. समाधीपाशी चपला बाहेर काढाव्या लागतील. मी अध्यक्षमहोदयांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.