क्षीण केंद्रांचा श्रोता आणि त्याचा संच

लघुलहरींवरची केंद्रे ऐकण्यासाठी हातात मावणारा संच विकत घेणाऱ्या श्रोत्याची तक्रार गेल्या दीड दशकात पुरती पालटली आहे. पूर्वीच्या संचात केंद्र लावून ठेवले तरी थोड्या वेळाने ते आपोआप सरकत असे, आणि पट्टीवरचे आकडे इतके दाटीवाटीने छापलेले असत की 31 मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे 9400 ते 9900 किलोहर्ट्झच्या दरम्यान, काटा नेमका कोणत्या केंद्रावर थांबला आहे हे निवेदकाने नाव सांगेपर्यंत कळत नसे. हे दोष आता उरलेले नाहीत. कंप्रता किलोहर्ट्झपर्यंत अचूक दिसते, एकदा लावलेले केंद्र जागचे हलत नाही आणि शेकडो केंद्रे स्मृतीत साठवता येतात. इतके असूनही जुना श्रोता नव्या संचाला मनापासून शाबासकी देत नाही, आणि त्याचे मुख्य कारण असे की नवा संच क्षीण केंद्राचा आवाज श्रोत्याला न विचारता दाबून टाकतो. या भाषणाचा बराचसा वेळ या एकाच कारणाला द्यावा लागणार आहे, कारण दुकानदार ते सांगत नाही आणि खोक्यावरही ते छापलेले नसते.

आजच्या बहुतेक स्वस्त संचांत संकेत पकडण्यापासून तो ध्वनीत बदलण्यापर्यंतचे जवळजवळ सगळे काम नखाएवढी एक चिप करते. एरियलवरून आलेला संकेत ती अंकांत बदलते आणि पुढची गाळणी गणिताने करते. या पद्धतीला अंकीय संकेत-प्रक्रिया म्हणतात आणि बाजारात ती डीएसपी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. 2010 च्या सुमारास आलेल्या टेकसन कंपनीच्या पीएल-310 या तीन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या छोट्या संचाने ही पद्धत घरोघरच्या हौशी श्रोत्यांपर्यंत पोहोचवली. त्या संचाच्या पडद्यावर दोन आकडे दिसतात, ज्यांतला एक संकेताची ताकद सांगतो आणि दुसरा, संकेत खरखरीपेक्षा किती वरचढ आहे ते डेसिबलमध्ये दाखवतो. या दुसऱ्या आकड्याला संकेत-गोंगाट प्रमाण म्हणतात. श्रोत्याच्या हाती एवढे नेमके मोजमाप पूर्वी कधी आले नव्हते आणि त्याबद्दल या संचांचे कौतुकच केले पाहिजे.

मात्र हाच दुसरा आकडा चिप स्वतःही वाचत असते. संकेत-गोंगाट प्रमाण एका ठरावीक मर्यादेखाली उतरले की ती ध्वनीची पातळी आपोआप खाली आणते, आणि या सोयीला सॉफ्ट म्यूट, म्हणजे हळुवार मौन, असे नाव आहे. दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेतली खरखर कानाला त्रासदायक वाटते म्हणून ती योजलेली आहे, आणि शहरात एफएमवर गाणी ऐकणाऱ्याला ती सुखाची वाटते यात शंका नाही. लघुलहरींवर मात्र तिचा परिणाम नेमका उलटा होतो, कारण तेथे हवे असलेले केंद्र पुष्कळदा खरखरीतच असते. समजा चिपने 16 डेसिबलची कपात केली, तर ध्वनीचा विद्युतदाब सुमारे सव्वासहा पटींनी घटतो. मग श्रोता आवाजाचे बटण वाढवत नेतो, तेवढ्यात संकेत पुन्हा जोर धरतो आणि कानात एकदम आरोळी घुसते.

धान्य पाखडणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहिले तर या दोषाचे स्वरूप चटकन उमगते. सुपात कोंडा अधिक आणि दाणे थोडे असले म्हणून ती सूप उकिरड्यावर पालथे करीत नाही. उलट अशा वेळी तिचा हात अधिक सावध होतो, झटका लहान होतो, आणि कोंडा थोडा राहिला तरी चालेल पण दाणा बाहेर जाता कामा नये अशी तिची रीत असते. उरलेला कोंडा ती फुंकरीने उडवते किंवा बोटांनी दाणे वेचून घेते. लघुलहरींचा सवयीचा श्रोताही हेच करतो. कानाला खरखर सोसवते, तिच्यातून ओळखीचा शब्द, बातम्यांआधीची धून किंवा गावाचे नाव वेचता येते, आणि चार शब्द हाती लागले की पाचवा अंदाजाने भरता येतो. सॉफ्ट म्यूट असलेला संच हे वेचण्याचे काम सुरू होण्यापूर्वीच सूप काढून घेतो. निर्मात्यांनी कोंडा पाहिला, त्यातला दाणा पाहिला नाही, एवढीच ही तक्रार आहे.

लघुलहरींवर क्षीणपणा हा अपवाद नाही, ती तिथली रोजची स्थिती आहे, आणि तिचे कारण संचात नसून आकाशात आहे. जमिनीपासून साधारण 200 ते 400 किलोमीटर उंचीवरच्या आयनांबराच्या थरावरून या लहरी परतून येतात. एकच संकेत दोन-तीन वाटांनी येऊन पोहोचतो, त्या वाटांची लांबी सतत बदलते, आणि लहरी एकमेकींना कधी बळ देतात तर कधी खोडून काढतात. म्हणून आवाज काही सेकंदांच्या अंतराने चढतो आणि विरतो. हे चढउतार सावरण्यासाठी प्रत्येक चांगल्या संचात स्वयंचलित लब्धी नियंत्रण असते, जे संकेत घटला की प्रवर्धन वाढवते आणि संकेत वाढला की ते कमी करते. आता विचार करावा की हे नियंत्रण घटलेला संकेत वर उचलीत असतानाच त्याच संचातले हळुवार मौन त्याला खाली ढकलते, आणि त्यामुळे निसर्गाने केलेली फट संच स्वतःच्या हाताने आणखी रुंद करतो. वाक्याचा मधला शब्द त्या फटीत जातो, आणि पुष्कळदा बातमीचे मर्म नेमके त्याच शब्दात असते.

शिवाय दक्षिण आशियाकडे जोरदार संकेत पाठवणारी केंद्रे आता थोडीच राहिली आहेत. बीबीसीची लघुलहरींवरील हिंदी सेवा 31 जानेवारी 2020 रोजी थांबली, आणि आकाशवाणीनेही आपले अनेक लघुलहरी प्रक्षेपक बंद केले आहेत. महाराष्ट्रात बसलेल्या श्रोत्याला आता जे ऐकायचे आहे त्यातले पुष्कळसे दुसऱ्यासाठी पाठवलेले असते. न्यूझीलंडमधल्या रंगिटायकी येथून प्रशांत महासागरातल्या बेटांसाठी होणारे प्रसारण इथे आलेच तर काठाकाठानेच येणार. तेव्हा संचाची परीक्षा जोरदार केंद्रावर घेऊन चालणार नाही, ती काठावरच्या केंद्रावर घेतली पाहिजे. श्रोत्यांच्या कानावरून हे निसटू नये म्हणून पुन्हा सांगितले पाहिजे की क्षीण केंद्र ऐकावे की सोडून द्यावे हे ठरवणे श्रोत्याकडे असायला हवे, संचाकडे नव्हे.

या दोषावरचा उपाय खर्चिक असता तर निर्मात्यांना इतके खडसावण्याचे कारण नव्हते. परंतु या चिपमध्ये मौनाची मर्यादा आणि कपातीची खोली ही दोन्ही मूल्ये संचातल्या नियंत्रक कार्यक्रमातून बदलता येतात. त्यासाठी वेगळा सुटा भाग लागत नाही आणि आतल्या छापील परिपथावर तार जोडावी लागत नाही. चिप बनवणाऱ्याने दिलेले मूळ मूल्य जसेच्या तसे ठेवणे सोपे जाते, म्हणून ते राहते. काही संचांत मर्यादा बदलण्याची सोय असते, पण ती एखादी कळ बराच वेळ दाबून धरण्यात दडवलेली असते आणि सोबतच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नसतो. ज्याला ती ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. एक उघडी कळ, तिच्यावर स्पष्ट अक्षरांत नाव, आणि मौन पूर्ण बंद करण्याची मुभा एवढे दिले तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

हाच दोष केंद्र शोधतानाही निराळ्या रूपाने भेटतो. नव्या संचाचे फिरवायचे बटण दिसायला जुन्यासारखे असले तरी ते सलग फिरत नाही. ते किलोहर्ट्झ-किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी पुढे जाते, आणि अनेक संचांत प्रत्येक टप्प्यावर ध्वनी क्षणभर तुटतो. सावकाश फिरवले तर कानावर ठोके पडल्यासारखे होते, आणि भरभर फिरवले तर मधले काहीच ऐकू येत नाही. जुन्या ट्रान्झिस्टरचा काटा सरकवताना दोन बोटांच्या हलक्या पिळाबरोबर एक केंद्र विरत जाई आणि त्याच्या अंगाखालून दुसरे उमटे, आणि पूर्वी न ऐकलेले केंद्र सापडण्याचा मार्ग तोच होता. लघुलहरींवर केंद्रे प्रायः 5 किलोहर्ट्झच्या अंतराने बसलेली असल्यामुळे 5 चा टप्पा निवडून काम भागते असे कोणी म्हणेल, पण तुटलेल्या ध्वनीत क्षीण केंद्र हुकते ते हुकतेच. आपोआप शोध घेण्याची कळही इथे उपयोगी पडत नाही, कारण तीही मर्यादेखालच्या केंद्रावर थांबत नाही.

जुन्या संचांतले सगळेच चांगले होते असे मात्र नाही, आणि नव्यातले जे खरोखर मोलाचे आहे ते टाकून देण्यासारखे नाही. साध्या एकपदरी रचनेच्या संचात जोरदार केंद्राची छाया 910 किलोहर्ट्झ खाली दुसऱ्या जागी उमटत असे. आलेला संकेत आधी ज्या ठरावीक मधल्या कंप्रतेत बदलला जाई ती 455 किलोहर्ट्झ ठेवल्याचा तो परिणाम होता, आणि त्यामुळे नसलेले केंद्र ऐकल्याचा भ्रम होई. पट्टारुंदीच्या बाबतीत तर अंकीय संचांनी बाजी मारली आहे. पट्टारुंदी म्हणजे एका वेळी किती रुंद कंप्रता-पट्टा आत घ्यायचा ते माप, आणि पीएल-310 च्या मालिकेत 1, 2, 3, 4 आणि 6 किलोहर्ट्झ असे पाच पर्याय मिळतात. सुपाच्याच भाषेत बोलायचे तर झटका किती जोराचा द्यायचा हे इथे श्रोत्याच्या हाती दिले आहे. शेजारचे केंद्र त्रास देत असेल तर रुंदी 2 वर आणावी, मोकळे असेल तर 6 वर ठेवून आवाजाचा भरदारपणा घ्यावा. ज्या निर्मात्याला हे पाच पर्याय देणे सुचले त्याला मौनाचा एक पर्याय सुचू नये याचे मात्र नवल वाटते.

समकालिक शोधन ही दुसरी मागणी आहे. मध्यम आणि लघुलहरींच्या नेहमीच्या प्रसारणात एक वाहक लहर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ध्वनी वाहणारे दोन पट्टे असतात. आयनांबरातल्या चढउतारात कधी कधी फक्त वाहक लहर विरते आणि आवाज फाटल्यासारखा, चिरका येतो. समकालिक शोधनात संच स्वतःची वाहक लहर तयार करून तिच्या आधाराने ध्वनी सोडवतो. सोनी कंपनीच्या 1985 च्या आयसीएफ-2010 मध्ये ही सोय होती. नंतरच्या आयसीएफ-एसडब्ल्यू 7600 जीआरमध्येही ती होती, आणि दोहोंपैकी स्वच्छ असलेला बाजूचा पट्टा निवडता येई. या दुसऱ्या संचाला फिरवायचे बटणच नव्हते, सारे कळींवर चाले, तरी श्रोते तो अजून जपून वापरतात. आजच्या संचांपैकी टेकसन पीएल-660 मध्ये ही सोय आहे, पण स्वस्त अंकीय संचांत ती अजून दुर्मीळ आहे. तिच्याऐवजी एक-पट्टी पद्धतीने, म्हणजे हौशी रेडिओचालक 7000 ते 7200 किलोहर्ट्झवर ज्या रीतीने गप्पा मारतात त्या रीतीने, संच लावून केंद्र ऐकता येते. अशा वेळीही संचाने शब्दाशब्दांमधल्या विरामांत मौन धरू नये, नाही तर प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर गिळले जाते.

वेळ थोडा उरला आहे, तेव्हा बाकीच्या अपेक्षा धावत्या सांगाव्या लागतील. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे पेन्सिल सेल असावेत, कारण खास आकाराची बॅटरी तालुक्याच्या गावीही शोधावी लागते. चार्जिंग चालू असताना बहुतेक संच इतकी भणभण करतात की ऐकणे अशक्य होते, आणि एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जर यांच्या गोंगाटात ही घरची भर नको. घड्याळात भारतीय वेळेबरोबर जागतिक प्रमाणवेळही दिसावी, कारण केंद्रांची वेळापत्रके त्याच वेळेत छापलेली असतात आणि साडेपाच तासांची वजाबाकी करताना मध्यरात्रीनंतर तारीख हमखास चुकते. मध्यमलहरींचा टप्पा भारतात 9 किलोहर्ट्झचा असावा, आणि संच 10 वर लावलेला येत असेल तर तो कसा बदलायचा हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मराठीत दिलेले असावे. डिजिटल रेडिओ मोंडियाल या अंकीय प्रसारणपद्धतीबद्दलही बोलायला हवे होते, परंतु तिच्या संचांच्या किमती आणि वीजखर्च हा विषय पाच मिनिटांत आटोपणारा नाही.

संच घेण्यापूर्वी दुकानातच करून पाहण्याजोगी एक परीक्षा सांगणे मात्र आवश्यक आहे. दारापाशी किंवा खिडकीपाशी उभे राहून एरियल पूर्ण उघडावी, बऱ्यापैकी लागणारे एखादे केंद्र लावावे, आणि मग एक-एक किलोहर्ट्झने त्याच्यापासून दूर सरकावे. केंद्र मागे पडत जाईल तशी खरखर हळूहळू वर आली तर संच क्षीण केंद्र ऐकू देणारा आहे. खरखर येण्याऐवजी कोणी दार लोटल्यासारखा आवाज एकदम खाली बसला, तर हळुवार मौन चालू आहे असे समजावे, आणि ते बंद करण्याची कळ कोणती हे पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला विचारावे. त्याला सांगता आले नाही तर पुस्तिका मागून घ्यावी, आणि पुस्तिकेतही काही नसेल तर त्या संचाची किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी तो परत काचेच्या कपाटात ठेवायला सांगावे.