पुरुषांच्या एका न बोललेल्या दुखण्याविषयी

(ज्युबिली महोत्सवानिमित्त जळकोट येथील सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या सभेत बोलणाऱ्याने धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगावा अशी अपेक्षा असते. ती कामगिरी आमच्याहून जाणत्या माणसांनी पार पाडली आहे. आम्हांस जेव्हा 'तुम्हीही चार शब्द बोला' अशी आज्ञा झाली, तेव्हा आम्ही फादरांस विचारले की, ज्याचे नावही चारचौघांत काढीत नाहीत अशा विषयावर बोललो तर चालेल काय? त्यांनी विषय ऐकून घेतला, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "अवश्य बोला, आणि बायकांना उठवू नका." सबब आज आम्ही प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीस होणारा कर्करोग, त्यासाठी सुया घालून केली जाणारी तपासणी आणि पुढचे उपचार यांविषयी बोलणार आहो. ज्यास संकोच वाटेल त्याने खाली पाहावे. पहिली काही वाक्ये आम्हीही खाली पाहूनच बोलू.

बायकांना उठवू नये हे फादरांचे म्हणणे आम्हांस दुसऱ्याही एका कारणाने पटले. आपल्या या जिल्ह्यातील स्त्रियांनी कर्करोगाच्या बाबतीत जे केले, ते येथील पुरुषांस बहुधा ठाऊकच नाही. १९९९ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साहाय्याने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास आरंभिला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या व गावांचे ५२ गट पाडले होते. ज्या गटांत विषाणूची एकच चाचणी झाली, तेथे पुढील आठ वर्षांत या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. ज्या गटांत चाचणी झाली नाही, तेथे ६४. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले व जगभर वाचले गेले. चाचणीविना ठेवलेल्या गटाविषयी पुढे वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या आमच्या आया-बहिणी हजारोंनी त्या तपासणीच्या मेजावर निजल्या. आणि आम्ही पुरुष, ज्यांच्या धैर्याच्या गोष्टी नळदुर्गाच्या बुरुजांवर उभे राहून सांगितल्या जातात, ते लघवी अडते एवढेही वैद्यास सांगत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गास वेढून असते. तारुण्यात ती मोठ्या सुपारीएवढी असते व वयाबरोबर वाढते. वाढली की धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते. ही वाढ बहुतेकांच्या बाबतीत साधी असते, कर्करोगाची नसते. म्हणून रात्री दोनदा उठणाऱ्याने उद्याच मृत्युपत्र लिहावयास बसू नये. उलट कर्करोग आरंभी बहुधा काहीच खूण दाखवीत नाही. दुखत नाही म्हणून काही नाही, हा आपला गावाकडचा हिशेब येथे चुकतो.

आमचा हिशेब असाच चुकला. रात्री चार-चार वेळा उठणे आम्ही वयावर घातले, मग चहावर, मग थंडीवर. सोलापूरच्या बसमध्ये दाराजवळची जागा धरू लागलो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडले. असे चौदा महिने काढले. एका रात्री लघवी पूर्ण बंद झाली, आणि जी गोष्ट पत्नीपासूनही लपविली होती ती पहाटेपर्यंत सबंध गल्लीस कळली. नळी घालून सुटका झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपली. या तपासणीस अर्धे मिनिटही लागत नाही. चौदा महिने आम्ही तिलाच भीत होतो. ग्रंथी एका बाजूस कठीण लागली. रक्तातील पी.एस.ए. नावाचे द्रव्य साधारणतः चारपर्यंत असावे, आमचे तेवीस होते. हे द्रव्य जंतुसंसर्गाने व साध्या वाढीनेही वाढते, म्हणून केवळ त्या आकड्यावरून निर्णय होत नाही. निर्णय ग्रंथीचा तुकडा पाहूनच होतो. त्यालाच बायॉप्सी म्हणतात.

आपल्या भागात एक समज घट्ट आहे की, गाठीस सुई लागली की ती पसरते. आम्हांसही चौघांनी तसे बजावले. प्रोस्टेटच्या बाबतीत या समजास आधार नाही. ज्यांची उदाहरणे देतात त्यांचा रोग सुईपूर्वीच पसरलेला असतो. सुईने तो केवळ उघडकीस येतो, आणि दोष तिच्या माथी बसतो.

बायॉप्सीच्या दिवशी आम्हांस डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजविले. ध्वनिलहरींनी चित्र दाखविणारी एक कांडी गुदद्वारातून आत गेली, बधिर करण्याचे औषध टोचले. मग सुई. प्रत्येक वेळी कागद टाचण्याच्या यंत्रासारखा 'खट्' असा आवाज होतो, आणि वेदनेपेक्षा त्या आवाजानेच माणूस दचकतो. डॉक्टर म्हणाले, बारा घ्यावयाच्या आहेत. आम्ही प्रत्येक सुईस एक 'नमो मरिया' म्हणावयाचे ठरविले. माळेचे एक दशक संपले तरी दोन सुया उरल्याच. खरे सांगावयाचे तर दात काढण्याचे दुःख याहून अधिक असते. अवघड गेले ते उघडे निजणे.

नंतरच्या गोष्टी मात्र आम्हांस कोणी नीट सांगितल्या नव्हत्या, त्या येथे सांगतो. काही दिवस लघवीतून रक्त जाते. वीर्यात ते कित्येक आठवडे, गंजलेल्या रंगाचे, दिसू शकते. याने घाबरू नये. परंतु थंडी वाजून ताप आला तर तासभरही घरी बसू नये; गुदमार्गातून गेलेल्या सुईबरोबर जंतू रक्तात शिरलेले असू शकतात व ते जिवावर बेतते. आमच्या शेजारच्या खाटेवर उमरग्याकडील एक गृहस्थ याच तापाने परत आले होते. ते तिसऱ्या दिवशी आले, पहिल्या दिवशी यावयास हवे होते. हल्ली पुष्कळ ठिकाणी सुई वृषणामागील कातडीतून घालतात, त्यामुळे हा धोका बराच घटतो. आणि आधी एम.आर.आय. काढल्यास काहींस सुईची गरजच पडत नाही. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांस आधी विचाराव्या. विचारण्याने डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी सुई आपल्याला लागावयाची आहे.

अहवालास दहा दिवस लागतील असे सांगितले होते, एकोणीस लागले. लातूर जिल्ह्यातही एक जळकोट आहे, हे तुम्हांस ठाऊकच आहे. लिहिणाऱ्याने तो जिल्हा घातला आणि आमचे भवितव्य नऊ दिवस दुसऱ्याच जळकोटचा पत्ता शोधीत राहिले. त्या एकोणीस दिवसांत आम्ही जेवढी प्रार्थना केली तेवढी गेल्या दहा वर्षांत केली नसेल. आणि तीत भक्ती थोडी, घासाघीस फार होती.

अहवालात ग्लीसन नावाचा एक अंक येतो. ही पद्धत अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडली. सहा म्हणजे मंद, दहा म्हणजे अतिउग्र. मंद रोगास पुष्कळदा काहीच न करता नियमित तपासणीखाली ठेवतात, आणि हा हलगर्जीपणा नव्हे. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच रोग असलेल्या १,६४३ पुरुषांचा सुमारे पंधरा वर्षे पाठपुरावा झाला व त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. कोणास नुसते देखरेखीखाली ठेवले, कोणाची शस्त्रक्रिया केली, कोणास किरण दिले. तिन्ही गटांत मिळून या रोगाने दगावलेले शंभरात तीनही नव्हते. तेव्हा सुई म्हणजे चाकू, आणि चाकू म्हणजे मरण, हा क्रम मनातून काढून टाकावा.

आमचा अंक आठ होता, म्हणजे थांबण्यासारखा नव्हता. हाडांत मात्र काही सापडले नाही. आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार चालला. त्यात एक चमत्कारिक अट असते. पाणी पिऊन मूत्राशय भरून निजावयाचे व यंत्र थांबेपर्यंत रोखून धरावयाचे. ज्याने चौदा महिने पाणी तोडले त्यास ही शिक्षा नेमकी योजल्यासारखी वाटली. बाहेरच्या बाकावर आम्ही सातआठ जण ओळीने पाणी पीत बसत असू: एक हाजी, एक वारकरी, एक निवृत्त फौजदार व आम्ही. तेथे कोणीही लाजत नसे. गावात जे शब्द पुटपुटतानाही मान वळवितो, ते त्या बाकावर चहाच्या दराइतक्या सहजतेने बोलले जात. हे भाषण करण्याची बुद्धी आम्हांस त्या बाकावरच झाली.

किरणांच्या जोडीस दर तीन महिन्यांनी एक सुई असे. हा रोग पुरुषत्वाच्या रसावर पोसतो, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले. त्यांस १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो रस तोडला की रोग आक्रसतो. सुई तेच करते. ऐन पौषात अंगातून वाफा निघतात, दंडांतले बळ जाते, छाती हुळहुळते, आणि क्रूसाच्या वाटेच्या भक्तीत पूर्वी न येणारे रडू येते. दांपत्यजीवनातील एक दार मिटते. हे आम्ही पत्नीस सांगावयास एक महिना घेतला. ती म्हणाली, "मला डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगता याची वाट पाहत होते."

दुसरा उपाय शस्त्रक्रियेचा. वृषणातील रस उत्पन्न करणारा भाग कायमचा काढतात. हे काम एकदाच करावे लागते व खर्च पुष्कळ कमी येतो, म्हणून गरीब रुग्णास तोच सुचविला जातो. येथे आम्हांस आमच्या एका स्नेह्याची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ते याच पंचक्रोशीतले. नाव सांगत नाही. कंबर दुखते म्हणून त्यांनी वर्षभर तेल चोळून घेतले. खळ्यावर पोती उचलल्याने लचक भरली, असे आम्हीही म्हणत होतो. निदान झाले तेव्हा रोग मणक्यांत पोहोचला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. त्यांनी नाकारली. गडी म्हणून जन्मास आलो, गडी म्हणून जाईन, हे एक कारण; आणि देवाने दिलेला निरोगी अवयव कापून टाकणे पाप आहे, हे दुसरे. पुढे पाय गेले. अखेरचे चार महिने ते उठून बसले नाहीत.

बंधुजनहो, त्यांच्या या दुसऱ्या कारणास उत्तर होते. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी पोप बारावे पायस यांच्यासमोर इटलीतील मूत्ररोगतज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न ठेवला होता: प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी निरोगी वृषण काढावे काय? परमपूज्य पित्यांनी उत्तर दिले की, अवयव संपूर्ण देहासाठी आहे. तो राहिल्याने वा त्याचे कार्य चालू राहिल्याने सबंध देहास गंभीर अपाय होत असेल, तो टाळण्यास दुसरा मार्ग नसेल, आणि हानीपेक्षा लाभ अधिक असेल, तर निरोगी अवयवही काढणे योग्य आहे. स्नेह्यांनी नकार दिला त्याच्या कितीतरी वर्षे आधी हे उत्तर छापून झाले होते. त्यांस ते कोणी सांगितले नाही. आम्हीही नाही, कारण आम्हांस ते नंतर कळले. आणि कळले तेही आमची स्वतःची पाळी आली म्हणून शोधले तेव्हा. ते शस्त्रक्रियेनंतरही किती जगले असते, हे कोण सांगणार? पाय कदाचित राहिले असते.

त्यांनी आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कारही शेवटच्या आठवड्यापर्यंत घेतला नाही; फादर तेल घेऊन दारात आले की गाव समजते, म्हणून. हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आहे. आम्ही तो किरणोपचाराच्या आदल्या रविवारी घेतला आणि आज तुमच्यापुढे उभे आहो.

पैशाविषयी थोडेच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रुग्णालयात पाऊल टाकताच आरोग्यमित्राची चौकशी करावी व शिधापत्रिका बरोबर ठेवावी. आम्ही ती घरी विसरलो होतो.

शेवटची गोष्ट घरची आहे. आमचा अहवाल आल्यावर वृद्ध आत्याबाईंनी सहज सांगितले की, आमचे थोरले काका 'लघवीच्या गाठीने' गेले. साठ वर्षे ही गोष्ट घरात होती आणि कोणी उच्चारली नव्हती. बाप किंवा भाऊ या रोगाने आजारी असेल तर मुलाचा धोका वाढतो. आई-मावशीस स्तनाचा कर्करोग असला तरी डॉक्टरांस सांगावे. सरसकट सर्वांनी रक्त तपासावे की नाही यावर वैद्यांत एकमत नाही. परंतु पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलावे, आणि घरात रोग असल्यास पंचेचाळिसाव्या वर्षीच, हे बहुतेकांस मान्य आहे. आम्ही दोघा मुलांस समोर बसवून सर्व सांगितले. धाकटा उठून गेला. थोरल्याने बराच वेळ काही न बोलता पाणी पिऊन घेतले, आणि मग काकांचे वय किती होते ते विचारले.

येत्या गुरुवारी आमच्या रक्ताची तपासणी आहे. सकाळी सहास हमरस्त्यावरील थांब्यावरून जीप बार्शीस निघेल. तीत दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यास यावयाचे असेल त्याने यावे. कशासाठी, हे आम्ही विचारणार नाही.