ब्रेक दाबला तरी स्टिअरिंग हातात राहावं म्हणून

 

आज आपण गाडीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून कुणी म्हणेल, हे तर ड्रायव्हर लोकांचं काम, आम्हाला कशाला? पण बाजाराला, दवाखान्यात, माहेरी, जत्रेला जाताना वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसतो कोण? आपणच. शाळेच्या गाडीत बसतात ती पोरं आपली. आणि हल्ली गटातून कर्ज घेऊन मुलासाठी, मालकांसाठी जुनी गाडी घेणारी घरंही बरीच आहेत. गाडी त्यांच्या नावावर असते, पण कर्जाच्या कागदावर सही किंवा अंगठा आपला असतो.

गाडी दाखवणारा म्हणतो, "ताई, गाडीला एबीएस आहे बरं का." आपण मान डोलावतो. एबीएस म्हणजे काय, ते खरंच आहे का, चालू आहे का, हे विचारायचं राहून जातं. म्हणून आजचं हे बोलणं.

एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम. आपल्या भाषेत सांगायचं तर, ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था.

आता पहिला प्रश्न हाच पडेल, की ब्रेक दाबल्यावर चाक जाम झालं तर बिघडलं काय? चाक थांबलं म्हणजे गाडी थांबली ना? तसं होत नाही. धान्याचं पोतं फरशीवरून ढकलून बघा. जागचं हलवायला जोर लावावा लागतो. पण एकदा घसरायला लागलं की त्याहून कमी जोरात पुढे सरकत राहतं. चाकाचंही तसंच आहे. फिरणाऱ्या चाकाचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो तेवढ्यापुरता रस्ता धरून असतो, जसं चालताना आपलं पाऊल जमीन धरतं. चाक जाम झालं की ते चाक राहत नाही, घसरणारं पोतं होतं. मग रस्त्याची पकड कमी होते, आणि ओल्या रस्त्यावर तर फारच कमी होते.

त्याहून मोठा धोका दुसरा आहे. पुढची चाकं जाम झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही. घसरणारं पोतं तिरकं धरलं म्हणून तिरकं जात नाही, ज्या दिशेला निघालंय त्याच दिशेला जातं. गाडीही तशीच सरळ पुढे जाते.

आंबा घाट, कुंभार्ली घाट, आंबोली घाट आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलेत. पहिला पाऊस पडला की महिनोन्‌महिने साठलेली धूळ, गाड्यांतून सांडलेलं तेल आणि तांबडी माती यांचा रस्त्यावर चिकट राडा होतो. समजा अशा वळणावर अचानक म्हैस आडवी आली. ड्रायव्हर घाबरून पूर्ण जोराने ब्रेक दाबणार, कुणीही तेच करील. एबीएस नसेल तर चाकं जाम होतील, आणि गाडी वळण न घेता सरळ म्हशीवर नाहीतर कठड्यावर जाईल. एबीएस असेल तर ब्रेक दाबलेला असतानाच स्टिअरिंग फिरवून म्हशीच्या बाजूने गाडी काढता येते. एबीएसचा खरा उपयोग हा आहे. ब्रेक लागत असताना गाडी वळवण्याची सोय ते शाबूत ठेवतं.

हे होतं कसं? त्यात मुख्य चार गोष्टी आहेत.

पहिली, प्रत्येक चाकापाशी बसवलेला सेन्सर. चाकाबरोबर एक दातेरी कडं फिरतं, सायकलच्या चेनच्या चक्रासारखं, फक्त दाते बारीक. त्याच्या अगदी जवळ सेन्सर असतो. दाते किती वेगाने पुढून गेले यावरून चाक किती वेगाने फिरतंय ते कळतं. नव्या बऱ्याच गाड्यांत दात्यांऐवजी बेअरिंगमध्येच चुंबकाची पट्टी असते, काम तेच.

दुसरी, छोटा कॉम्प्युटर. चारही चाकांची खबर त्याच्याकडे सतत येत असते. तीन चाकं नीट फिरताहेत आणि एकाचा वेग एकदम पडला, म्हणजे ते चाक जाम व्हायच्या बेतात आहे, हे तो ओळखतो.

तिसरी, व्हॉल्व्ह. ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलचा दाब नळीतून चाकापर्यंत जातो. त्या वाटेवर हे व्हॉल्व्ह असतात. कॉम्प्युटरने सांगितलं की एक व्हॉल्व्ह दाब पुढे जायचा थांबवतो. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून थोडा दाब सोडून देतो. चाक पुन्हा फिरायला लागतं.

चौथी, मोटर लावलेला लहानसा पंप. सोडलेलं ऑइल तो परत वाटेला लावतो, म्हणजे पुन्हा दाब देता येतो.

चुलीवर दूध तापत असताना आपण काय करतो? वर यायला लागलं की आच कमी करतो, खाली बसलं की पुन्हा वाढवतो. दूध तापलं पाहिजे, पण उतू जाता कामा नये. एबीएस चाकाशी हेच करतं. ब्रेक लागला पाहिजे, पण चाक जाम होता कामा नये. फरक एवढाच, की एबीएस हे एका सेकंदात दहा-पंधरा वेळा करतं, आणि प्रत्येक चाकाची गरज वेगळी ओळखून करतं. माणसाच्या पायाला ते जमणारं नाही.

म्हणूनच एक जुनी सवय आता सोडायला हवी. जुने ड्रायव्हर शिकवायचे, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारा-सोडा, मारा-सोडा. एबीएस नसलेल्या गाडीला ते बरोबर होतं. एबीएसच्या गाडीत अडचणीच्या वेळी ब्रेक पूर्ण दाबायचा आणि दाबूनच धरायचा. मारणं-सोडणं आतली यंत्रणा करते. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरतं, खडखड आवाज येतो. कितीतरी जण दचकतात, काहीतरी तुटलं असं वाटून पाय उचलतात, आणि नेमका ब्रेक हवा असतो तेव्हाच तो सुटतो. आपल्या घरात कुणी गाडी चालवत असेल, मुलगा असो, सून असो, हे एवढं वाक्य त्यांना जरूर सांगा: पेडल थरथरलं तर घाबरायचं नाही, पाय उचलायचा नाही, आणि वाट काढायला स्टिअरिंग वापरायचं.

आता हे बसवतात कसं, ते बघू.

एबीएस गाडीच्या कारखान्यात, गाडी तयार होतानाच बसतं. व्हॉल्व्ह, पंप आणि कॉम्प्युटर मिळून एक ठोकळा असतो, तो बहुधा बॉनेटखाली असतो. ब्रेक पेडलकडून दोन नळ्या त्यात येतात आणि चार चाकांकडे चार नळ्या निघतात. प्रत्येक चाकाच्या हबमध्ये सेन्सरची जागा मुळातच ठेवलेली असते, तिथून वायर ठोकळ्यापर्यंत येते. मग नळ्यांतली हवा पूर्ण काढून ब्रेक ऑइल भरतात आणि शेवटी गाडी फिरत्या रोलरवर चढवून तपासतात. कॉम्प्युटरमधला हिशोबही त्या मॉडेलचं वजन, चाकं आणि ब्रेक बघून बसवलेला असतो.

म्हणून कुणी म्हणालं, "वहिनी, जुनी जीप घ्या, एबीएस आम्ही बसवून देतो," तर त्या बोलण्यावर पैसे देऊ नका. सेन्सरची जागा, दातेरी कडं, नळ्या, वायरिंग आणि त्याच गाडीसाठी केलेला हिशोब, हे सगळं गल्लीतल्या गॅरेजमध्ये जमण्यासारखं नाही. नळीत एखादी गोळी किंवा डबी बसवून त्याला एबीएस म्हणणं ही तर फसवणूक आहे. गाडीला एबीएस हवं असेल तर ते असलेलीच गाडी घ्यायची.

कायद्याचंही बघू. १९७८ साली जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने बॉश कंपनीचं एबीएस आपल्या एस-क्लास या महागड्या मोटारीला दिलं. आपल्याकडे ते बरीच वर्षं महाग गाड्यांतच राहिलं. एकाच मॉडेलच्या वरच्या किमतीच्या गाडीला एबीएस आणि स्वस्त गाडीला नाही, असं चालायचं. मग सरकारने नियम केला. एप्रिल २०१८ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलच्या मोटारींना आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींनाही त्याच सुमारास ते लागू झालं. बऱ्याच मोटारसायकलींना ते फक्त पुढच्या चाकाला असतं, हे ध्यानात ठेवा.

याचा उपयोग काय? जुनी मोटार घेताना आरसी बुकवर गाडी कधी तयार झाली तो महिना आणि वर्ष बघा. एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एबीएस असेलच असं धरू नका, तपासा.

तपासायची रीत सोपी आहे, त्याला ड्रायव्हिंग यायला नको. विकणाऱ्याला म्हणा, "दादा, इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा." समोर काट्यांच्या तबकडीवर पिवळा दिवा लागतो, त्यात इंग्रजीत एबीएस अशी तीन अक्षरं गोलात असतात. तो लागला पाहिजे आणि थोड्या वेळात आपोआप विझला पाहिजे. काही गाड्यांत तो थोडं चालवल्यावर विझतो. दिवा विझतच नसेल तर एबीएस बंद पडलंय. दिवा लागलाच नाही, तर त्या गाडीला एबीएस नाही, किंवा कुणी बिघाड लपवायला दिवाच काढून टाकलाय. दोन्ही वेळा पुढचा व्यवहार थांबवा आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा.

एबीएसचा एकटा पिवळा दिवा लागून राहिला तर साधा ब्रेक चालतो, फक्त चाक जाम न होण्याची सोय गेलेली असते. हळू चालवत गॅरेजला न्यायची. पण त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तिथेच बाजूला घ्यायची.

बिघाड बहुतेक वेळा लहान असतो. सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली असते, सेन्सरवर चिखल बसलेला असतो, नाहीतर बेअरिंग बदलताना चुंबकाची बाजू उलटी बसलेली असते. चार चाकांना वेगवेगळ्या मापाचे टायर असले तरी कॉम्प्युटर गोंधळतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं लागतं. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

आता एबीएसला काय जमत नाही, तेही ऐका. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढं अंतर कापून झालेलं असतं, ते कुठलंही यंत्र परत देत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. गुळगुळीत टायरला एबीएस पकड देऊ शकत नाही. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदलायचाच, असा नियम आहे. आणि मोकळ्या खडीवर, वाळूवर तर एबीएसची गाडी थांबायला थोडं जास्तच अंतर घेऊ शकते. कारण जाम चाकापुढे खडीचा ढीग साठून जो अडसर होतो, तो इथे होत नाही.

आणखी एक. डिझेल वाचवायला काहीजण घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देतात. असं दिसलं तर गप्प बसू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. चावी बंद असेल तर एबीएसही बंद. उतारावर गाडी खालच्या गियरमध्येच उतरवायची.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून टाका. गाडीसाठी कर्जाचा अर्ज आला तर मंजुरीआधी दोघीतिघींनी जाऊन आरसी बुक आणि चावीचा दिवा बघायचा. सहलीला, मेळाव्याला गाडी ठरवताना भाड्याबरोबर टायर आणि ब्रेकचंही विचारायचं. आणि शाळेच्या गाडीत तो पिवळा दिवा रोज लागलेला दिसतो का, हे आपल्या पोरांना विचारायचं. पोरांची नजर तीक्ष्ण असते, ती बरोबर सांगतील.

कुणी म्हणेल, बायकांना यातलं काय कळतं? त्यांना म्हणा, "भाऊ, चावी फिरवा, आम्ही बघतो."