कशाचे भस्म?
(मंडळाच्या वर्धापनदिनी तीर्थपुरी येथे केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी जाऊ बाळंतपणानंतर फार अशक्त झाली. ओळखीच्या एका गृहस्थांनी पुडी आणून दिली. म्हणाले, "भस्म आहे वहिनी, भस्माने काही अपाय होत नाही." मी विचारले, "कशाचे?" त्यांना सांगता येईना. पुडी फडताळातच राहिली.

देवाचा अंगारा, गोवरीची राख आणि वैद्यांचे औषध, सगळ्यांना आपण भस्म म्हणतो. रसायनशास्त्रात मात्र धातू हवेत तापवून जी भुकटी होते, ती भस्म. गोवरीची राख गोवरीहून हलकी. धातूचे भस्म धातूहून जड! 7 ग्रॅम लोखंडाचे पुरते तांबडे भस्म झाले, तर ते 10 ग्रॅम भरते. वरचे 3 ग्रॅम हवेतल्या प्राणवायूचे. फ्रान्सच्या लाव्हाझिएने 1774 साली बंद भांड्यात कथील तापवून हे वजन हवेतूनच येते असे दाखवले. पुढे 1787 साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी जुने नाव टाकून 'ऑक्साइड' हे नाव दिले. आपल्या जालन्याच्या कारखान्यांत लालभडक सळीवरून काळ्या खपल्या झडतात ना, त्या लोखंडाचे ऑक्साइडच.

नव्या नावाचा गुण असा, की त्याआधी धातूचे नाव घ्यावेच लागते. जस्ताचे म्हटले की मलमातली पांढरी पूड. शिशाचे म्हटले की मारुतीचा अस्सल शेंदूर. तो लेकराच्या बोटावरून तोंडात गेला तर शिसेच पोटात जाते. आणि मुलांच्या रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण जागतिक आरोग्य संघटना निर्धोक मानत नाही.

जुने रसवैद्य भोळे नव्हते. भस्म पाण्यावर तरंगले पाहिजे, बोटांच्या रेषांत भरले पाहिजे, पुन्हा धातू होता कामा नये, अशा त्यांच्या कसोट्या होत्या. (गंधकाबरोबर केलेली भस्मे निराळी, सगळीच काही ऑक्साइड नसतात.) पण आत जस्त आहे की शिसे, हे तरंगण्यावरून कळत नाही. ते करणाऱ्यानेच सांगायला हवे.

जावेचे रक्त तपासले, तेव्हा डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हणजे धातूच की! पण वेष्टनावर लोहाच्या क्षाराचे नाव होते आणि किती मिलिग्रॅम तेही. फडताळातल्या त्या पुडीवर काहीच लिहिलेले नव्हते.